पंखाची पट्टी आणि पाण्याचा ड्रॉपर

जखमी पक्ष्यामुळे जुळणाऱ्या प्रेमाची ही हलकीफुलकी गोष्ट गोड आहे, पण तिच्यावरच्या लेखात ज्या प्रसंगाचं कौतुक केलंय, तिथेच मोठी चूक आहे. नायक ड्रॉपरने थेट चोचीत पाणी सोडतो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. असं ओतलेलं पाणी फुफ्फुसात जाऊन पक्षी दगावू शकतो. पहिल्या तासांत त्याला पाण्यापेक्षा ऊब, अंधार आणि शांतता हवी. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी सुती कापड, अर्ध्याच भागाखाली गरम पाण्याची गुंडाळलेली बाटली, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. आणि लगेच पशुवैद्य.

पट्टीचंही तसंच. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) नसतं, छातीचं हाड हलवूनच ते श्वास घेतात. अंगाभोवती पट्टी आवळली की गुदमरलाच! नायिका ती घट्ट बांधते तेव्हा जीव कासावीस होतो. मांजराने धरलेला असेल तर जखम दिसली नाही तरी त्याच दिवशी प्रतिजैविक लागतं.

पंखाचं हाड जुळायला साधारण 2 ते 3 आठवडे लागतात, नंतर मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव. मग गोष्टीत त्याला तिसऱ्या दिवशी गच्चीवरून उडवायचं काय म्हणून? तेवढे आठवडे दाखवले असते तर प्रेमालाही फुलायला वेळ मिळाला असता.