कोष जालन्यात, धागा बंगळुरूत

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला तो वैतागूनच. जालना जिल्ह्यात आमची दोन एकर तुती आहे, तिच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या पाळतो. कोषांची बॅच चांगली उतरली, पण भाव पडला होता. लगेच गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुनंच भांडण पेटलं. दादाचं म्हणणं, चीनच्या रेशमावरचं आयात शुल्क वाढवा, तरच शेतकरी टिकेल. येवल्याचे आमचे पाहुणे म्हणाले, रेशीम महाग झालं की पैठणी विणणारा उपाशी मरतो, शुल्क कमी करा. २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचं, म्हणजे कोषातून काढलेल्या धाग्यावरचं, शुल्क ३० टक्क्यांवरून ५ वर आणलं आणि २०१३ मध्ये १५ वर नेलं. तेव्हाही हीच दोन घरं अशीच भांडत होती.

हे सगळं मी वाचते ते जपानच्या गुन्मा प्रांतात बसून. इथली म्हातारी माणसं रेशमाच्या अळीला आजही 'ओकाइको-सामा' म्हणतात. 'सामा' हे जपानीतलं मोठ्या मानाचं संबोधन. जुन्या घरांच्या आढ्यावर अजून छोटी उंच खिडकी दिसते. माळ्यावर अळ्या असायच्या, त्यांना हवा लागावी म्हणून ती काढलेली. अळ्या गेल्या, खिडक्या राहिल्या.

१८७२ मध्ये फ्रेंच तंत्रज्ञ बोलावून सरकारने इथल्या तोमिओकात सूतगिरणीसारखी मोठी रेशीमगिरणी उभारली. १९०९ च्या सुमारास जपानने कच्च्या रेशमाच्या निर्यातीत चीनला मागे टाकलं. १९३० च्या आसपास २२ लाख शेतकरी कुटुंबं अळ्या पाळत होती, वर्षाला सुमारे ४ लाख टन कोष निघत. त्या दशकातलं जपानचं सर्वाधिक उत्पादन सुमारे ४५ हजार टन कच्चं रेशीम. भारताने २०२३-२४ मध्ये काढलं ३८,९१३ टन, आणि त्यात टसर, एरी, मुगा हे तुतीशिवायचं रेशीमही आलं. एवढ्याशा देशाने नव्वद वर्षांपूर्वी आपल्या आजच्यापेक्षा जास्त रेशीम काढलं होतं.

आज त्याच जपानात रेशीम शेतकरी दोनशेसुद्धा उरलेले नाहीत. सरकारी नकाशांत तुतीच्या मळ्याची वेगळी खूण असायची. २०१३ मध्ये ती काढून टाकली.

मंदी, नायलॉन आणि युद्ध यांनी निर्यात संपवली, हे समजण्यासारखं आहे. पण युद्धानंतर किमोनोमुळे देशातच मोठी मागणी होती. तीसुद्धा इथल्या शेतकऱ्याला वाचवू शकली नाही. दादाने ऐकावं असं मला वाटतं ते इथून पुढचं. आपण ज्या शुल्कासाठी भांडतो त्याहून कडक उपाय जपानने केला होता. सत्तरच्या दशकात कच्च्या रेशमाची आयात सरकारी यंत्रणेच्या हाती दिली आणि देशातला भाव धरून ठेवला. क्योतोच्या निशिजिन भागातले नेकटाय विणणारे विणकर सरकारविरुद्ध कोर्टात गेले. जगात स्वस्त मिळणारा धागा आम्ही महाग का घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न म्हणजे अगदी येवल्याचाच प्रश्न. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पण शेतकरी तरी कुठे जिंकला? कच्चं रेशीम अडवलं, तर तेच रेशीम कापड होऊन, शिवलेले कपडे होऊन आत आलं. विणकर खचला, गिरणीचं गिऱ्हाईक गेलं. तोमिओकाची गिरणी १९८७ मध्ये बंद झाली. गिरण्या आणि शेतकरी एकमेकांना ओढत खाली गेले.

म्हणून मला वाटतं, आपलं भांडण चुकीच्या जागी चाललंय. शेतकरी आणि विणकर यांच्या मधे कोषातून धागा काढणारा असतो, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आमच्या मराठवाड्यात कोष उत्तम निघतो. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत १९९१ पासून जपानी तज्ज्ञांनी आपल्या शास्त्रज्ञांबरोबर अळ्यांच्या दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या, जातींवर काम केलं, त्याचं फळ देशभरातला शेतकरी घेतोय. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठही झाली. त्याआधी दादा पोती घेऊन हजार किलोमीटरवर कर्नाटकातल्या रामनगरच्या कोष बाजारात जायचा, आणि जालन्यात भाव पडला की अजूनही जातो. कोष कर्नाटकात जातात, तिथे धागा निघतो आणि तो येवल्याच्या मागावर परत येतो. दोन्ही वेळचं भाडं आणि मधल्यांचा वाटा शेतकरी आणि विणकर भरतात, आणि मग एकमेकांवर रागावतात. इथेतिथे रीलिंगची, म्हणजे कोषातून धागा काढायची, युनिटं निघालीत, पण निघणाऱ्या कोषाच्या मानाने ती फार थोडी आहेत.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर अन्नाका गावात उसुई नावाची रेशीमगिरणी आहे. १९५९ मध्ये शेतकऱ्यांनीच सहकारी संस्था काढून ती सुरू केली. जपानात यंत्रावर धागा काढणाऱ्या मोठ्या गिरण्या आता दोनच, ही आणि यामागाता प्रांतातली एक. तोमिओका जागतिक वारसा झालं, तिथे तिकीट काढून बघायला जातात. उसुईत अजून गरम पाण्यातून धागा निघतो. मी गेले तेव्हा उकळलेल्या कोषांचा वास आला आणि आमच्या शेडची आठवण झाली.

सहकारी साखर कारखाना काढायला महाराष्ट्राला कोणाकडून शिकावं लागलं नाही. मग जालना-बीडच्या शेतकऱ्यांचा आणि येवला-पैठणच्या विणकरांचा एकत्र रीलिंगचा कारखाना का नसावा? दोघांचे शेअर, दोघांचे संचालक, आणि कोषाचा भाव धाग्याच्या प्रतीवर. दादाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, आधी येवल्याच्या पाहुण्यांशी बोलायला लागेल. मी म्हटलं, बोल. रविवारी तिघांचा फोन ठरलाय.