तीन जोशी आणि एक प्रबंध

आडनावांच्या बाबतीत पुण्याने किती काटकसर केली आहे, हे प्रबंधाची संदर्भसूची करायला बसल्याखेरीज कळत नाही. लेटेक या मजकूर मांडणीच्या संगणकप्रणालीत लिहिणारा माणूस मजकुरात पुस्तकाचे नाव लिहीत नाही. तो आडनाव आणि प्रकाशनवर्ष जोडून केलेला एक संकेत, ज्याला सायटेशन की म्हणतात, तेवढा लिहितो आणि ओरेन पटाश्निक यांनी १९८५ च्या सुमारास तयार केलेले बिबटेक हे सॉफ्टवेअर त्यावरून पुढचे सारे जुळवते. पेशवेकालीन पुण्याच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना मात्र एकाच वर्षी तीन-तीन जोशी लिहिते झालेले आढळतात. मग हे संकेत बनवणारे संदर्भ-सॉफ्टवेअर पहिल्यांना नुसते ‘जोशी१९९८’ म्हणते आणि उरलेल्या दोघांना ‘ए’, ‘बी’ अशी शेपटे लावून मोकळे होते.

संदर्भ सांभाळणाऱ्या माझ्या सॉफ्टवेअरने नवी आवृत्ती धारण करताना हे सगळे संकेत पुसले आणि कोणालाही न विचारता नवे करून ठेवले. मजकुरातल्या जुन्या संकेतांना जोड सापडेना आणि पीडीएफमध्ये पानोपानी, चौकोनी कंसांत, प्रश्नचिन्हे उगवली. त्यांचा मला राग नाही, कारण प्रश्नचिन्ह निदान स्वतःचे अज्ञान मान्य करते, जे विद्वानांच्या चर्चासत्रांतही सहसा घडत नाही. खरा घात जिथे प्रश्नचिन्ह नव्हते तिथे होता. नव्या वाटपात ‘बी’ जोशी ‘ए’ झाले होते व ‘ए’ जोशी ‘बी’, आणि कात्रजचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणणाऱ्या नळाविषयीचे माझे विधान आता मोडी दफ्तरांची सूची करणाऱ्या जोशींच्या नावावर बिनतक्रार जमा झाले होते. वाड्यातल्या एका जोश्यांची मनीऑर्डर पोस्टमनने दुसऱ्या जोश्यांना द्यावी आणि त्यांनीही ती निमूट सही करून घ्यावी, तसा हा प्रकार.

याच शहरात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १२०० हून अधिक हस्तलिखिते पाहिली. ते काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले, आणि पोथ्यांना लिपीवरून दिलेली अक्षरे व क्रमांक एका रात्रीत आपापसांत जागा बदलून बसले, असे काही ऐकिवात नाही. अर्थात त्या संपादकांकडे अपडेट येत नव्हते.

सुटका झाली ती कचरा समजल्या जाणाऱ्या फायलींमुळे. लेटेक प्रत्येक वेळी जो पसारा मागे सोडते, त्यातल्या ‘ऑक्स’ फायलीत वापरलेले संकेत असतात, पण नुसतेच. ‘बीबीएल’ फायलीत मात्र प्रत्येक संकेतापुढे लेखक, शीर्षक, वर्ष अशी सगळी कुंडली छापलेली असते. तिची एक जुनी प्रत पेन ड्राइव्हवर सापडली, आणि ती समोर ठेवून मी एकेका नोंदीत मूळ संकेत हाताने भरला व तो पुन्हा हलू नये म्हणून पिन केला. कुलकर्णी आणि देशपांडे लवकर आटोपले. ‘जोशी१९९८बी’ मात्र त्या प्रतीनंतर प्रबंधात दाखल झालेले असल्याने, त्यांना शोधायला विधानामागून विधान मूळ पुस्तकांशी ताडून पाहावे लागले आणि त्यात अख्खी दिवाळीची सुटी गेली.

सुटीनंतर मार्गदर्शक सरांनी ते पान वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अहो, हे तिसरे जोशी कशाला ठेवलेत? काढून टाका. त्यांचे म्हणणे आपण पुढच्याच परिच्छेदात खोडून काढतो आहोत.”