छोटा एम, मोठा एम

काल विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कागद उडतात म्हणून पंखा बंद केला आणि विचारलं, "सर, हा प्रश्न पृथ्वीवरचा आहे का?"

प्रश्न माझाच होता. गुरुत्वाची विसंगती, म्हणजे मोजलेल्या आणि अपेक्षित गुरुत्वातला फरक, 35 मिलीगॅल आहे, ती मीटर प्रति सेकंद वर्गात लिहा. गॅल म्हणजे सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग, गॅलिलिओच्या नावावरून; मिलीगॅल त्याचा हजारावा भाग. उत्तर 0.00035. दोन गुणांची खैरात. पण छापताना मिलीचा छोटा एम मोठा झाला, आणि मोठा एम म्हणजे मेगा. मधे नऊ शून्यं. पोरांनी इमानदारीत 3,50,000 काढलं. एवढं त्वरण एखाद्या श्वेत बटू ताऱ्यावर शोभेल. आमच्या कॉलेजात नाही.

एम मोठा झाला तो नागपुरात, सीताबर्डीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात. विभागाचा टायपिस्ट तासिकावाल्यांचे, म्हणजे आम्हा तासावर शिकवणाऱ्यांचे, पेपर करत नाही. ते आम्ही बाहेरून, आपल्या खिशातून करतो. पहिली प्रिंट निघाली तेव्हाच मी त्या एमभोवती लाल गोल काढला होता. लक्षात ठेवा, काढला होता.

"भाऊ, हा एम छोटा करा."

"काहून सर? गॅलचा जी मोठा चालते, मंग एमनं काय गुन्हा केला?"

"छोटा एम म्हणजे हजारावा भाग. मोठा म्हणजे दहा लाख पट."

"मंग जी छोटा केला तर?"

"सुट्टा छोटा जी म्हणजे गुरुत्व त्वरण. सुट्टा मोठा जी म्हणजे वेगळाच स्थिरांक. आणि छोट्या जीचा ग्रॅमही होतो."

आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आलेले एक काका इतका वेळ गप्प होते. ग्रॅम ऐकताच काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. "जी तर आम्ही सगळ्यायलेच लावतो जी. पण ग्रॅमचं बरोबर आहे तुमचं. तोळा घ्या. जुना 11.66 ग्रॅमचा, नवा 10 चा. सासरच्यांनी पाच तोळे म्हणून सांगतलं. मी समजलो जुने. काट्यावर भरले 50 ग्रॅम. आठ ग्रॅम गेले का नाही? लग्न 1988 चं आहे, अजून विषय निघते घरी."

"काका, गॅलचा वजनाशी—"

"तुमचा एक गॅल किती ग्रॅमचा?"

इथे मी निघून जायला हवं होतं. पण माणूस शिकवायला लागला की त्याला वेळेचं भान राहत नाही, आणि मला तर तासाच्या हिशोबानं शिकवायची सवय, तीही पैसे न मिळता. मी सांगितलं, गॅलला वजन नसतं, गॅलमुळे वजन असतं. विषुववृत्तावर गुरुत्व 9.780, ध्रुवावर 9.832, इथे बर्डीवर 9.786 च्या आसपास, म्हणजे साधारण 978.6 गॅल.

काकांचे डोळे चमकले. "म्हणजे सोनं इथं घेऊन ध्रुवावर विकाचं?"

"तराजूचा काटा असेल तर काही फरक नाही, दोन्ही पारडी सारखीच जड होतात. इथून नेलेला स्प्रिंगचा काटा असेल तर वजन जास्त दाखवेल."

"किती?"

"पाच तोळ्यांमागे पाव ग्रॅमच्या आत."

काकांनी मनात हिशोब केला. "तिकीट नाही निघत," म्हणाले, आणि आधार घेऊन गेले.

तेवढ्या वेळात इकडे 60 प्रती निघाल्या होत्या. एम छोटा केला होता म्हणे, कॉम्प्युटरनं ओळीच्या सुरुवातीला आहे म्हणून परत आपल्या मनानं मोठा केला. मी तपासलं नाही. मी सोन्यात होतो.

तसं बघितलं तर दोष या गुरुत्व मोजणाऱ्या लोकांचाही आहे. भूकंपवाले छोट्या जीचे अंश मोजतात, 0.1 जी म्हणजे 98 गॅल. खनिज शोधणारे मिलीगॅलवर अडलेले. जुन्या अहवालांत ग्रॅव्हिटी युनिट म्हणून तिसरंच, मिलीगॅलचा दहावा भाग. पाठ्यपुस्तकात मीटर. एका त्वरणाला एवढी नावं ठेवायची आणि शून्य चुकलं की बोलणी तासिकावाल्यानं खायची. माझं मार्चचं मानधन अजून यायचं आहे. त्या आकड्यात मिलीचा मेगा कोणाकडून होत नाही.

केबिन तिसऱ्या मजल्यावर. दर मीटर उंचीला 0.3086 मिलीगॅल कमी होतं, म्हणजे दहा मीटर चढताना माझं गुरुत्व तीनेक मिलीगॅलनं घटलं. बाकीचं आत घटलं. "मुलांसमोर विभागाची लाज," असं म्हणून त्यांनी पंखा पुन्हा सुरू केला आणि माझा पेपर टेबलाखाली उडाला. तो मी वाकून उचलला.

आज दुरुस्त पेपर काढायला परत त्याच दुकानात. दुसरं दुकान लांब आहे आणि ऊन 44 च्या वर. या वेळी मी काउंटर सोडलंच नाही. एम छोटा, जी मोठा, दोन्ही तपासले, पैसे दिले, गठ्ठा घेतला. गाडीला चावी लावताना खालची ओळ दिसली. सेकंदाच्या डोक्यावरचा वर्गाचा दोन खाली उतरून ओळीत बसला होता.

आत जाऊन दाखवलं.

"दोन तर आहे ना सर," तो म्हणाला.