‘मनात असलं की बरोबर जमतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘आरतीला टाळ्या वाजवतात, मग शर्टाची बटणं का लावत नाहीत? लाड करून तुम्हीच त्यांना परावलंबी केलंय,’ असं तुम्ही लिहिलंत. टाळ्यांचं अचूक हेरलंत. मलाही आधी तोच संशय होता.

पक्षाघातानंतर ह्यांच्या हातात जोर परत आला. डॉक्टरांचं बोट असं दाबलं की डॉक्टरच हसले. पण ‘टाळी वाजवून दाखवा’ म्हटलं की हात हवेतच राहतात. आरती सुरू झाली की तेच हात आपसूक ताल धरतात. अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात तो हाच. जोर आहे, सांगितलेलं कळतं, पण ठरवून करायला गेलं की सवयीची हालचाल सापडत नाही. ओघात होऊन जाते. बोलण्याचंही तेच. एक ते दहा सलग म्हणतात, ‘पाणी’ मागताना तोंड चाचपडतं.

१९०० साली ह्यूगो लिपमान या जर्मन डॉक्टरांनी अशाच एका सरकारी अधिकाऱ्याची हकिगत लिहिली. त्याची बुद्धीच गेली असं सगळे धरून चालले होते. लिपमाननी त्याचा उजवा हात धरून ठेवला, डाव्याने करायला लावलं, आणि डाव्याने ते बरोबर केलं, तेव्हा कळलं की गृहस्थाला सगळं समजत होतं! सव्वाशे वर्षं झाली, आपण अजून ‘मनावर घ्या’च म्हणतोय.

आता लाड. सकाळी बेसिनवर फक्त ब्रश ठेवते, कारण शेजारी कंगवा दिसला तर तोच दातांना लागायचा. शर्ट रोज त्याच जागी. मी मागे उभी राहून, त्यांच्या हातावर हात ठेवून पहिलं बटण सुरू करून देते आणि गप्प बसते. गप्प बसणंच मला सगळ्यात जड गेलं. ‘अहो, तिकडे नाही, इकडे’ म्हटलं की चाललेला हात पुन्हा अडतो. चूक झाल्यावर सांगायचं नाही, होण्याआधीच हात वळवायचा, हे आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी शिकवलं. आणि बटणं जमली म्हणून चहा जमत नाही. तो निराळा शिकावा लागतो.

एक मात्र कबूल. घाईत बटणं मीच लावून मोकळी होते. तो लाड नव्हे, माझा उतावळेपणा. त्याबद्दल तुमचं बोलणं ऐकून घेते. काल चार बटणं त्यांनी लावली. पाचवं मी लावलं, रिक्षा दारात उभी होती.