सहा-आठचा उतारा

शाळेच्या बँडसाठी दादऱ्यातली, म्हणजे सहा मात्रांच्या तालातली, एक धून मी स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, बसवली आणि तिच्या प्रती काढायला अंबाजोगाईतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. छापलेले पान हातात पडताच डोके फिरले. ६/८ च्या बारमधले (उभ्या रेघांमधल्या एका खणातले) सहा क्वेव्हर, म्हणजे अष्टमांश स्वर, तीन-तीनच्या दोन गटांत बीमने (आडव्या जाड रेघेने) जोडायचे असतात, कारण ठोके दोनच: ‘धा धी ना’ एक, ‘धा ती ना’ दोन. मधला तुकडा ३/४ च्या, म्हणजे तीन ठोक्यांच्या, फाईलमधून उचलून आणलेला होता. सॉफ्टवेअरने त्यावर ६/८ हे आकडे मुकाट्याने चढवले आणि बीम मात्र दोन-दोनचे तीन असे जुनेच ठेवले. आता कॉर्नेटवाली (ट्रम्पेटसारखे वाद्य वाजवणारी) पोरे दादऱ्याच्या मधोमध वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांचे युरोपीय नृत्य, वाजवणार! दुकानात केवळ पीडीएफ उघडत असल्यामुळे दुरुस्तीही शक्य नव्हती.

शेजारी सातबाऱ्याच्या रांगेत बसलेल्या एका मामांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि माझ्या पानावर बोट ठेवले.

“सर, हा कोन्त्या गटाचा उतारा हाय?”

“मामा, उतारा नाही. गाणे आहे.”

“मला नका शिकवू. सहा म्हंजे फेरफार, आठ म्हंजे आठ-अ. दोन्ही एकाच कागदावर कसं काय काढून देला तलाठ्यानं?”

मी आवंढा गिळून सांगितले की सहा म्हणजे एका बारमधले स्वर आणि आठ म्हणजे त्यांची जात. मामांनी मान डोलावली. ती समजल्याची नव्हती, संशय पक्का झाल्याची होती.

“म्हंजे आठातले सहा तुमचे. मग बाकीचे दोन हिस्से कुनी खाल्ले? भावकीनं?”

दुकानदार हसू दाबत की-बोर्ड पुसू लागला. मी पान उलटले, तर पुढच्या धुनेवर १२/८ होते. मामा उठूनच उभे राहिले. “आठातले बारा? सर, हे तर गायरानावरचं अतिक्रमन हाय!”

“मामा, यात ठोके चारच मोजायचे.”

“लिवलंय बारा, खाली आठ, अन् मोजायचे चार. आन् तुम्ही लेकरांना शिकवता?”

राग यायचा तो आला. परंतु मामांचा मुद्दा मला खोडता येईना. ६/८ मधला खरा ठोका डॉटेड क्रोचेट, म्हणजे तीन क्वेव्हरएवढा, असतो आणि त्याला खाली लिहायला अंकच नाही. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराने खालच्या आकड्याच्या जागी थेट स्वराचे चिन्ह लिहिले, तरी सर्वत्र चालतो तो जुनाच अपूर्णांक. आमच्या रूपकाचे, म्हणजे सात मात्रांच्या तालाचे, हाल तर विचारू नका. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ असे सरळ ३+२+२. पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ७/८ टाकले की गट पडतात २+२+३. ते बदलण्याची सोय आहे, कुठल्याशा मेनूच्या पोटातल्या मेनूत, आणि नवी फाईल उघडली की ती पुन्हा पहिल्यासारखी. शिवाय वाजवून पाहावे, तर मेट्रोनोम सातही क्वेव्हरवर टकटक करतो. ज्या तालात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (टाळीविना मोकळी मात्रा) येते, तिथे पहिली टकटक सर्वांत जोराची!

बिघडलेल्या पानांचेही पैसे दुकानदाराने पुरेपूर घेतले. मामांचा सातबारा तेवढ्यात निघाला, त्यांनी तो माझ्या पानाशेजारी धरला आणि म्हणाले, “बगा, हे असं अस्तंय. वाचलं की कळतंय.”