‘लेखकाला माहीत नसावं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लेखाखाली आपण टाकलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. एकदा मोबाइलवर, मग चष्मा लावून, आणि मग सौभाग्यवतीला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, जाऊ द्या ना, कशाला तोंडी लागता. म्हणून दोन दिवस थांबलो. आज लिहितोय.

ज्यांनी मूळ प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मांडे करताना तापलेल्या खापराला चुकून बोट टेकलं तर हात मागे घ्यायचा हुकूम मेंदू देत नाही, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा दोर) देतो, मेंदूला बातमी मागाहून पोचते, असं मी लिहिलं होतं. अशा आपोआप होणाऱ्या हालचालीला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. त्यावर ‘अनामिक’ या नावाने हे गृहस्थ (की बाई, नाव नसल्यावर काय कळणार) लिहितात: ‘मेंदू प्रतिक्षिप्त क्रिया रोखू शकतो हे लेखकाला माहीत नसावं. मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी हा आकडा जुना झाला. अनुमस्तिष्काचं काम फक्त तोल सांभाळणं, हे बाळबोध. आधी शेरिंग्टन वाचा. चुलीपाशी बसून न्यूरोलॉजी होत नसते.’

आकड्याचं मान्य. 2009 साली ब्राझीलच्या संशोधकांनी नव्या पद्धतीने मोजणी केली तेव्हा माणसाच्या मेंदूत सरासरी 86 अब्ज चेतापेशी निघाल्या. मी चौदा अब्जांनी चुकलो, लेखात दुरुस्ती केली आहे. आमच्या जुन्या पुस्तकांत शंभर होतं, तेच हातून उतरलं. अनुमस्तिष्काबद्दल (मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान भाग) पुढे कधीतरी वेगळा लेख लिहिणारच होतो, त्यामुळे त्यावर आत्ता बोलत नाही.

पण ‘माहीत नसावं’?

हे ‘नसावं’ फार पाहिलंय मी. मुलाखतीच्या टेबलापलीकडून, तपासणीला आलेल्या साहेबांकडून. ‘तुम्ही लिहिलं नाही’ असं म्हणता आलं असतं. ‘ही बाजू राहून गेली’ असंही म्हणता आलं असतं. तसं असतं तर मी आभार मानून मोकळा झालो असतो. माणसाला काय माहीत आहे हे त्याच्या सहाशे शब्दांच्या लेखावरून ठरवायला आपण काय माझ्या डोक्यात शिरून आलात?

शेरिंग्टन वाचा म्हणता. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला चेतापेशींवरच्या कामासाठी 1932 साली नोबेल मिळालं, आणि त्यांचं बरंचसं काम मेंदूपासून तोडलेल्या मेरुरज्जूवरचं आहे. म्हणजे साक्षीदार आपण बोलावलात आणि साक्ष माझ्या बाजूची झाली. मी तर ते डोळ्यांनी पाहिलंय. बी.एस्सी.ला प्रयोगशाळेत मेंदू नष्ट केलेला बेडूक टांगलेला असायचा. सौम्य आम्लात बुडवलेला कागदाचा बारीक तुकडा त्याच्या कातडीला चिकटवला की मागचा पाय वर यायचा आणि नेमका तो तुकडा पुसून काढायचा. ज्याला मेंदूच नाही त्याने कोणाला विचारलं असेल? वास अजून आठवतो त्या खोलीचा. आता ते प्रयोग बंद झाले, बरंच झालं.

पुढे 31 वर्षं पारोळा तालुक्यात विज्ञान शिकवलं. दरवर्षी आठवीत एक दांडगा पोरगा निवडायचो, टेबलावर पाय लोंबते सोडून बसवायचो. ‘सर, मी पाय हलूच देणार नाय.’ कचोरीची पैज लागायची. गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताची कड मारली की पाय उडालाच. एका वर्षी खडूचा डबा पार खिडकीबाहेर गेला. मांडीच्या स्नायूतून निघालेला संदेश कमरेपाशी मेरुरज्जूत शिरतो आणि तिथे एकच गाठ (दोन चेतापेशींमधला सांधा) ओलांडून त्याच स्नायूकडे परततो. मध्ये दुसरा कोणी नाही. पोराचा निश्चय वर डोक्यात राहतो, पाय खालच्या खाली उडून मोकळा. 31 वर्षांत मी कचोरी हरलो नाही.

आणि त्याच तासाला दुसरी गंमतही दाखवायचो. पोराला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावायचं, आणि तेवढ्यात पुन्हा मारायचं. लाथ दुप्पट जोरात. म्हणजे शरीरात वर काय चाललंय याचा खालच्या कामावर परिणाम होतो. हे तुमच्या बाजूचं झालं, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. आठवीच्या पोरांना हे 31 वर्षं दाखवणाऱ्याला ‘माहीत नसावं’ म्हणता, एवढंच माझं म्हणणं आहे.

खरं सांगायचं तर मला ते त्याच्याही आधी माहीत होतं. 1974 साल, मी नऊ वर्षांचा. माय चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवत होती. सांडशी सापडेना म्हणून पदराने धरलं, आणि निम्म्या वाटेत पदराचं एक टोक सटकलं. उजव्या हाताची तीन बोटं उघड्या काठावर. मी समोर बसलो होतो. तिच्या दंडाचा स्नायू थरथरला, कोपर जरासं मागे गेलं आणि तिथेच थांबलं. दात आवळून ती तीन पावलं चालली, पातेलं जमिनीवर ठेवलं, मग बोटं तोंडात घातली. ‘माय, सोडलं का नाही?’ विचारलं तर म्हणे, ‘आरे, दूध सांडी जातं ना मंग!’ घरात सात माणसं आणि दूध तेवढंच.

मेंदूकडून खाली येणारे तंतू मेरुरज्जूतल्या त्या चेतापेशींना दाबून धरू शकतात, हे मी कॉलेजात वाचलं तेव्हा मला ते थरथरणारं कोपर दिसलं. मेरुरज्जू म्हणत होता ओढ, मेंदू म्हणत होता थांब. पण तिला पातेलं तापलेलं आहे हे आधीच ठाऊक होतं. मेंदू तयारीत होता. बेसावध टेकलेल्या बोटाला ही सवलत मिळत नाही. तिथे हात आधी येतो, चटका मग कळतो. त्यातही पहिली तिडीक जलद तंतूंवरून येते, सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने. मागाहून येणारी आग हळू तंतूंवरून, सेकंदाला फार तर दोन मीटर, म्हणून ती एखाद्या सेकंदाने पोचते. माझा लेख बेसावध बोटाबद्दल होता. पातेल्याबद्दल नव्हता. (लेखात ‘बेसावध’ हा शब्द नव्हता, फक्त ‘चुकून’ होता. पण वाचणाऱ्याने वाचावं की नाही?)

आता शेवटचं वाक्य, चुलीचं. ते मी सोडून देणार होतो.

आमच्या गल्लीतला एक पोरगा विहिरीचा गाळ काढताना दोर तुटून खाली पडला. पाठीचा मणका मोडला, आत मेरुरज्जू तुटला. कमरेखाली काही कळेना. पहिले काही आठवडे पाय अगदी ढिले, ओल्या कापडासारखे. मग एके दिवशी त्याची माय पायांना तेल लावत होती, तळव्यावर तिचं नख घासलं, आणि गुडघा झटकन वर आला. ती तशीच तेलकट हातांनी आमच्या दारात. ‘मास्तर, मन्हा आंडोरना पाय हालना!’ (माझ्या पोराचा पाय हलला!) गूळखोबरं वाटलं तिने गल्लीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो. पोराच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला आणि तळव्यावर किल्ली ओढली. पाय वर आला. ‘काय झालं रे?’ विचारलं. तो म्हणाला, ‘काय झालं सर? सुरू करा ना.’

वरून येणारी वाट तुटली होती, खालचा मेरुरज्जू शाबूत होता, आणि सुरुवातीचा धक्का ओसरल्यावर तो एकटाच काम करू लागला होता. हे त्याच्या मायला सांगायचं काम माझ्यावर आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, पण तिला कळेल अशा भाषेत नाही. ती चुलीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि गरम तव्यापासून हात कसा मागे येतो, तिथून सुरुवात केली. तिने भाकरी उलटली नाही, ती करपली. मग महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

आकडा दुरुस्त केला आहे. तुमची प्रतिक्रिया होती तशी ठेवली आहे, काढलेली नाही. पुन्हा लिहिलंत तर नाव घालून लिहा.