‘वरून सगळे दिसते, मग भय कसले?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एड ब्रुबेकर आणि शॉन फिलिप्स यांच्या ‘फटाल’ (२०१२ ते २०१४, २४ अंक) या चित्रकथेवरून आम्ही भुसावळात मांडलेल्या मिनिएचर-मोहिमेवर (म्हणजे छोट्या रंगवलेल्या बाहुल्यांनी टेबलावर खेळायच्या, एकमेकींशी जोडलेल्या लढायांच्या मालिकेवर) धुळ्याहून आपण घेतलेला आक्षेप मी लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे असे की, न्वार, म्हणजे काळोख्या गुन्हेगारी वळणाच्या, भयकथेतला माणूस एकटा आणि हतबल असतो, तर युद्धखेळातला खेळाडू सगळे टेबल वरून पाहत जिंकण्यासाठी फासे टाकतो, आणि त्यामुळे भय आकड्यांत विरून जाते. निदान दोन्ही बाजूंना समान गुणांचे, म्हणजे एकूण ताकद सारखी असलेले, गट द्यावेत, असेही आपण सुचवले आहे.

वरून दिसण्याची अडचण खरी आहे, पण ती जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही जुनाच आहे. प्रशियातील राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी सिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळात दोन्ही पक्षांच्या मध्ये पंच बसत असे आणि ज्या तुकड्या समोरच्याला दिसू शकतील तेवढ्याच तो नकाशावर ठेवत असे. आम्ही तेच करतो. प्रारंभी टेबलावर मिनिएचर नसतात, क्रमांक घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे असतात. त्यांतल्या कोणत्या तुकड्यामागे माणूस आहे, कोणत्यामागे माणूस नसलेले काही आहे आणि कोणता नुसता रिकामा आहे, हे केवळ पंचाच्या वहीत लिहिलेले असते. दिव्याच्या खांबापासून सहा इंचांपलीकडचा तुकडा कोणी जवळ गेल्याखेरीज उलटला जात नाही. खानदेशातल्या उन्हाळ्यात खेळ तसाही रात्री गच्चीवरच होतो. बाजूने लावलेल्या एकाच दिव्यात, केळीच्या सुकलेल्या सोपटांच्या फळ्या लावून केलेल्या गोदामांच्या सावल्या निम्मे टेबल व्यापतात आणि फिलिप्स यांच्या चित्रांतला गडद काळा रंग तिथे आपोआप उतरतो. त्या वेळी समोरचा खेळाडू तुकडा पुढे सरकवताना थबकतो, ते भयच असते.

यापेक्षा अवघड प्रश्न ‘फटाल’ची नायिका जोसेफिन हिचा होता. ती लढत नाही. पुरुष तिच्या प्रभावाखाली येतात आणि त्यात त्यांचा सर्वनाश होतो. तिला बंदूक आणि हल्ल्याचे गुण दिले असते, तर आपला आक्षेप शब्दशः खरा ठरला असता. म्हणून आम्ही तिला नियमाचे रूप दिले. तिच्या सहा इंचांत आलेल्या पुरुष-पात्राने फासा टाकून स्वतःला सावरायचे असते. न सावरल्यास त्याची पुढची चाल जोसेफिनचा खेळाडू ठरवतो आणि खेळी संपल्यावर त्या पात्राच्या नोंदीत एक कायमचा डाग चढतो. असे तीन डाग झाले की ते पात्र मोहिमेतून जाते. खेळाडूने स्वतः रंगवलेले, नाव दिलेले आणि महिनाभर जपलेले पात्र त्याच्याच हातून निसटते, तेव्हा हतबलता म्हणजे काय हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि यासाठीच एकेकट्या लढाया न मांडता मोहीम मांडायची असते. १९९९ साली आलेल्या ‘मॉर्डहाइम’ या खेळात लढाईनंतर जखमांचा तक्ता वापरतात. पाय अधू झालेला किंवा डोळा गमावलेला माणूस पुढच्या लढाईत तसाच उतरतो. ‘फटाल’ची कथा दशके ओलांडत जाते, म्हणून आम्ही हा हिशेब पिढ्यांपर्यंत नेला. १९५०च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोत उरलेले कर्ज किंवा फुटलेले गुपित १९७०च्या दशकातल्या लॉस एंजेलिसमधल्या पात्रांच्या वाट्याला येते. पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत टिकणारी मिनिएचर एकच, जोसेफिनची. बाकी सगळी बदलतात. एखादी खेळी कोणीतरी जिंकतो, हे खरे. परंतु त्या विजयाची किंमत पुढच्या पिढीच्या नोंदीत चढलेली असते.

समान गुणांची आपली सूचना मात्र मला मान्य करता येत नाही. स्पर्धेत ती आवश्यकच आहे, पण इथे पोलिसांच्या आणि पंथीयांच्या (कथेतल्या गूढ पंथाच्या अनुयायांच्या) गटासमोर एकटा पत्रकार उभा असतो आणि तसाच उभा राहिला पाहिजे. न्याय आम्ही उद्दिष्टांत राखतो: पंथीयांना टेबल ताब्यात घ्यायचे असते, तर पत्रकाराला एक कागद घेऊन फक्त जिवंत बाहेर पडायचे असते, आणि दोघांना ते साधण्याची संधी जवळपास सारखी मिळते की नाही, हे आम्ही भूमिका बदलून खेळून तपासतो. ही सर्व उद्दिष्टे आणि डागांचा तक्ता मी पुढच्या लेखात देणार आहे. तो वापरून आपण धुळ्यात एखादी खेळी मांडलीत आणि पंचाची जागा स्वतः घेतलीत, तर त्यानंतरचा आपला आक्षेप मला अधिक मोलाचा वाटेल.